नकाशावरचे रिव्ह्यू: तुम्ही काय लिहिता, काय वाचता?

पायवाट (सातारा) | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

कुठंही निघायचं म्हटलं की आता आपण आधी नकाशा उघडतो. रस्ता बघायला कमी, खालचे रिव्ह्यू वाचायला जास्त. आणि चिकाटीनं वाचून हाती काय लागतं? "छान जागा." "मस्त अनुभव." "फॅमिलीसोबत नक्की भेट द्या." "नाइस." खाली थाळीचे वरून काढलेले फोटो, त्याच एका थाळीचे सहा जणांनी काढलेले.

माझी आई पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी बेजार. तिला घेऊन बाहेर पडायचं तर चव नंतर कळली तरी चालते, पण काही गोष्टी घरातून निघायच्या आधीच कळायला हव्यात. गाडी दारापर्यंत जाते का? जेवायची खोली तळमजल्यावर आहे की जिना चढून? संडास कमोडचा आहे का, आणि तिथं धरायला काही आहे का? पायऱ्यांना कठडा आहे का? वणीला सप्तशृंगीवर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली हे झाडून सगळ्यांनी लिहिलंय. रांगेत म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाक आहे का, हे लिहिणारा मला तरी भेटला नाही.

म्हणून मग मीच लिहायला लागले. घाटाखालच्या एका खानावळीबद्दल लिहिलेलं नमुन्यादाखल देते, नाव वगळून:

"शनिवारी दुपारी एकला गेलो, बाहेर अर्धा तास थांबलो. बसायला दोन बाक, सावली आहे. आत शिरताना चार पायऱ्या, कठडा नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात, एकेक करून येते, म्हणून वेळ लागतो. घाई असेल तर जाऊ नका. पिठलं चांगलं. भरीत तिखट, आणि सकाळीच केलेलं असल्यामुळे कमी तिखट मागून उपयोग नाही. संडास मागच्या अंगणात, भारतीय, स्वच्छ, पण अंधार पडल्यावर तिथं दिवा नाही. यूपीआय चालतं, रेंज मात्र येऊन जाऊन, त्यामुळे रोख पैसे जवळ ठेवा. सोमवारी बंद."

तारे चार दिले. पण ते कोणी वाचावेत अशी अपेक्षाच नाही. माझ्या चार ताऱ्यांत दिवा नसलेला संडास आहे आणि तव्यावरची भाकरीही आहे. ज्याला जे हवं ते त्यानं मजकुरातून उचलावं.

लोक असं का लिहीत नाहीत, याचं एक कारण गुणांच्या हिशोबातच आहे. गूगलचं लोकल गाइड प्रकरण, म्हणजे नकाशावर माहिती भरणाऱ्यांना गुण द्यायची योजना, २०१५ पासून चालू आहे. रिव्ह्यू लिहिला की १० गुण, तो २०० अक्षरांच्या वर गेला की आणखी १०, फोटोला ५, नुसते तारे टोचले तर १. असे १ लाख गुण जमले की दहावी म्हणजे शेवटची पातळी. फोटोला पाच गुण म्हटल्यावर एका वडापावचे चारी बाजूंनी फोटो येणारच. संडासाच्या दाराचा फोटो कोण काढतो?

गडकोटांवरचे रिव्ह्यू तर विचारूच नका. "पायऱ्या फार आहेत." "वर हॉटेल नाही." "नेटवर्क येत नाही, निराशा झाली." दोन तारे! गड बांधणाऱ्यांनी यांच्या मोबाइलची सोय बघायला हवी होती म्हणे. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आता नवी मंडळी येणार. त्यांना पाण्याचं टाकं कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं आणि शेवटची एसटी किती वाजता आहे, हे कोणी सांगायचं?

तर सांगा: तुम्ही लिहिता का? काय लिहिता? वाचताना कशावर विश्वास ठेवता? आणि वाईट अनुभव आला तर लिहिता की "जाऊ दे" म्हणून सोडून देता?

---

खमंग | मंगळवार, रात्री १०.०५

पहिला! धागा आवडला, पायवाटताई. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझी वाचायची पद्धत: आधी "सर्वात नवीन" लावतो. दोन वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांना काही अर्थ नाही. आचारी बदलला की हॉटेल बदललं, पाटी तीच राहिली तरी. मग तीन तारेवाले शोधतो. पाच देणारा एकतर खूश असतो नाहीतर मालकाचा भाचा. एक देणारा भडकलेला असतो. तीन देणारा मात्र थांबून विचार करतो, "चव चांगली, पण रविवारी जाऊ नका, वाढपी दोनच असतात" असं कामाचं बोलतो.

मिसळीचे रिव्ह्यू वाचायचे तर आधी लिहिणारा कुठला ते ओळखावं लागतं. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो. मुंबईकर पाव शोधतो आणि तारा कापतो. कोल्हापूरकर पुण्यात पेठेत जाऊन "गोड आहे, कट कुठाय" म्हणून तारा कापतो. नाशिककराला पापड आणि दही नसेल तर ती मिसळच वाटत नाही. तिघंही आपापल्या जागी खरे आणि तिघांचाही रिव्ह्यू चौथ्याच्या काही कामाचा नाही!

---

शेवभाजी | मंगळवार, रात्री १०.१२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट) "मालकाचा भाचा" 😄

आमच्या खान्देशात भरीत पार्टीला येऊन "तेल जास्त" लिहिणारे आहेत. तेलाशिवाय भरीत खायचं तर घरी वांगं उकडून खा की.

---

वाटसरू | मंगळवार, रात्री १०.३०

धागाकर्तीच्या मताशी सहमत, पण एक मुद्दा मांडतो. तुम्ही एवढं राबून लिहिता ते कोणासाठी? जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीसाठी, फुकट. आपण माहिती भरायची आणि त्यांनी त्याच पानावर जाहिराती विकायच्या. ही हमाली झाली, आणि बिल्ला म्हणून एक केशरी चांदणी.

---

पायवाट | मंगळवार, रात्री १०.५२

@वाटसरू, कंपनी कमावते हे खरंच. पण माझ्यासारखीच कोणीतरी आईला घेऊन निघालेली बाई ते वाचणार असते, तिला ती माहिती दुसरीकडे कुठं मिळणार? शिवाय पर्याय आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून चालू आहे, कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. तिथं मतं लिहीत नाहीत, पण संडास आहे का, प्यायचं पाणी आहे का, व्हीलचेअर जाते का (हो, नाही, मर्यादित) हे सगळं भरता येतं. मी दोन्हीकडे भरते. वाचणारे मात्र गूगलवरच आहेत, त्याला काय करणार.

---

माडाखाली | बुधवार, सकाळी ७.१५

पहिल्यांदाच लिहितोय इथं, नाहीतर वाचनमात्र असतो. मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. मंडणगड तालुक्यात वेळासच्या बाजूला आमचं घर आहे, दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचं.

आमच्याकडे लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला. मादी रात्री येऊन वाळूत अंडी घालून जाते. गावातली पोरं ती अंडी कुंपणाच्या आत हलवतात, वर टोपली घालतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, पण साधारण. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून बघतात. असली तर समुद्राकडे सोडतात. नसली तर नसली. त्यांना काय आरक्षण केलेलं नसतं.

आता रिव्ह्यू बघा. "पुण्याहून एवढ्या लांब आलो, कासव दिसलं नाही. एक तारा." तो तारा कोणाला? कासवाला की मला? माझ्या बायकोनं पहाटे उठून केलेल्या घावण्यांबद्दल एक अक्षर नाही.

ताऱ्यांचा हिशोब करून बघा. माझ्यासारख्याकडे पाच ताऱ्यांचे बारा रिव्ह्यू असले आणि एकानं एक तारा दिला, तर सरासरी पाचावरून ४.७ वर येते. पुन्हा ४.९ दिसायला आणखी चौदा जणांनी पाच-पाच द्यावे लागतात. आमचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, खोल्या दोन. चौदा लिहिणारे जमवायचे म्हणजे बघा. शहरातल्या मोठ्या हॉटेलाला तीन हजार रिव्ह्यू असतात, तिथं एक ताऱ्यानं दशांशसुद्धा हलत नाही. तारा सारखाच, पण पडतो कोणावर ते बघून द्यावा एवढंच म्हणणं आहे.

आणि एक प्रकार वाढलाय. निघताना बिल हातात घेऊन "पाचशे कमी करा, नाहीतर रिव्ह्यू लिहिणारे आम्ही." हसत म्हणतात, पण म्हणतात.

---

गोधडी | बुधवार, सकाळी ९.०२

@माडाखाली, लिहिते व्हा हो दादा. घावण्यांसाठी पाच तारे माझ्याकडून आगाऊ.

माझी मावसबहीण मालवणात घरगुती जेवण देते. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून सरकारनंच घातलेली बंदी. नेमकं तेव्हा पावसाळी सहलीला येऊन "ताजी सुरमई नाही, फसवणूक" लिहून गेले. तिनं खाडीतल्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं केलं होतं, ते चाटूनपुसून खाल्लं. म्हणून ताई म्हणतात ते बरोबर, तारीख नाही तर रिव्ह्यूला अर्थ नाही. कोकणात तर महिना आधी लिहा, मग बाकीचं.

---

ढगफुटी | बुधवार, सकाळी ११.२०

"आमच्याकडे कासवाची हमी नाही" असा बोर्ड लावा 😂

माझा संग्रह, सगळे खरे वाचलेले, गावं सांगत नाही:
एसटी स्टँड, चार तारे: "बस आली."
स्मशानभूमी, पाच तारे: "शांत परिसर, पार्किंग मुबलक."
पोलीस चौकी, तीन तारे: "पुन्हा जायची इच्छा नाही."

---

खमंग | बुधवार, सकाळी ११.२४

"पार्किंग मुबलक" 🙏🙏 दंडवत घ्या.

---

स्टेथोस्कोप | बुधवार, दुपारी २.४०

दवाखान्याचे रिव्ह्यू हा वेगळा धागा होईल, तरी थोडं लिहिते. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

मला मिळालेले एक तारे बहुतेक दोन कारणांसाठी: "इंजेक्शन दिलं नाही" आणि "अँटिबायोटिक दिलं नाही". साधी सर्दी, विषाणूची. आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होणारी. पालकांना वाटतं फी घेतली आणि काही दिलंच नाही. जो मागेल त्याला देतो, त्याचे तारे माझ्यापेक्षा जास्त असू शकतात. हे वाचून डॉक्टर निवडणाऱ्यांनी जरा विचार करावा.

दुसरं म्हणजे, आम्हाला उत्तर देता येत नाही. हॉटेलवाला लिहू शकतो की "साहेब, तुम्ही अमुक मागवलं होतं". मी "तुमच्या मुलाला तमुक होतं" असं जाहीर लिहूच शकत नाही, पेशंटची माहिती गोपनीय असते. म्हणून "कृपया दवाखान्यात संपर्क साधा" एवढं एकच वाक्य सगळ्यांना.

रांगेबद्दल जरूर लिहा. किती वेळ थांबावं लागतं, फोनवर नंबर लागतो का, बाळाला दूध पाजायला आडोसा आहे का, लिफ्टमध्ये स्ट्रेचर जातं का. ते आमच्याही कामाचं आहे. उपचार बरोबर की चूक हे ताऱ्यांत बसत नाही.

---

आगबोट (एडिसन, न्यू जर्सी) | बुधवार, संध्याकाळी ६.१०

आमच्याकडे ओक ट्री रोडवर एका बाजूला देशी हॉटेलांची रांग आहे, आणि येल्पवर (इथली रिव्ह्यूंची साइट) देशी लोकांचेच रिव्ह्यू वाचून हसायला येतं. "माझ्या आजीच्या हातची चव नाही." अरे, आजीनं तिथं नोकरी धरली नव्हती!

पण माडाखाली म्हणतात त्याला अभ्यासाचा आधार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटलच्या हॉटेलांचा येल्पवरचा आणि उत्पन्नाचा डेटा जोडून पाहिला होता, शोधनिबंध २०११ चा. येल्पवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. महत्त्वाचं म्हणजे हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर दिसला, साखळी हॉटेलांवर नाही. साखळीत काय मिळणार ते गिऱ्हाइकाला आधीच माहीत असतं. नवख्या खानावळीबद्दल रिव्ह्यूशिवाय दुसरं काहीच हाती नसतं.

इथं २०१६ च्या एका कायद्यानं करारात "वाईट रिव्ह्यू लिहिणार नाही" अशी अट घालायलाच बंदी आहे. आणि ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर एफटीसीचा (फेडरल ट्रेड कमिशन, इथली सरकारी व्यापार-नियामक संस्था) थेट नियम आहे, दंड होतो. तरी चालूच आहे, ते सोडा. २०१७ मध्ये लंडनमध्ये एका पत्रकारानं अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट, खरं तर त्याच्या मागच्या अंगणातली शेड, मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेऊन ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरात पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. लोक टेबल मिळावं म्हणून फोन करत होते.

---

तळटीप | बुधवार, रात्री ९.१५

आपल्याकडचं सांगतो. वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक काढलं, आयएस १९०००:२०२२. लिहिणारा खरा आहे का ते ईमेल, फोन वगैरेंनी पडताळा, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका, सोयीचे तेवढे दाखवू नका, असं त्यात आहे. मानक ऐच्छिक आहे, म्हणजे कोणी पाळलं तर पाळलं.

वाईट रिव्ह्यू लिहायला घाबरणाऱ्यांसाठी: बदनामीचं कलम पूर्वी आयपीसी ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर त्याला अपवाद आहे. म्हणून जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. "भाजीत झुरळ निघालं, फोटो जोडला आहे, वाढप्यानं ताट बदलून दिलं, बिल पूर्ण लावलं" ही हकिगत झाली. "हे चोर आहेत, सगळ्यांना विष घालतात" हा आरोप झाला, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. रागाच्या भरात गल्ल्यासमोर उभं राहून लिहू नका. घरी जा, जेवा, मग लिहा.

आणखी एक. रिव्ह्यू लिहिला म्हणजे तक्रार झाली असं नाही. अन्न खराब निघालं तर एफएसएसएआयकडे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे) जा, बिलावर किंवा भिंतीवर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो तो टिपून घ्या. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना उचलून धरल्या. तिथं तारा कापण्यापेक्षा "काढा तो" म्हणा, पुष्कळदा लगेच काढतात.

---

गोधडी | बुधवार, रात्री ९.५०

तळटीपकाका, खोट्या रिव्ह्यूंवरून आठवलं. सगळ्यांनी घरच्यांना सांगा: व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, "घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या, एका रिव्ह्यूचे ५० रुपये." सुरुवातीला खरंच दीडशे-दोनशे जमा होतात. मग टेलिग्रामवर नेतात, "प्रीपेड टास्क" सुरू होतं, आधी हजार भरा तर तेराशे परत. मग पाच हजार, मग पन्नास. स्क्रीनवर फायदा दिसतो, काढायला गेलं की "टॅक्स भरा". आमच्या सोसायटीतल्या एका शिकल्यासवरल्या मुलीची सगळी बचत यात गेली. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, जितक्या लवकर तितकी खाती गोठवायची शक्यता जास्त. आणि गंमत म्हणजे ज्या हॉटेलांना तारे द्यायला लावतात त्यांना पत्ताही नसतो.

---

संपादक मंडळ | गुरुवार, सकाळी ८.००

धागा छान चालला आहे. विनंती: वाईट अनुभव सांगताना कुठल्याही व्यवसायाचं वा व्यक्तीचं नाव घेऊ नये. वरचे दोन प्रतिसाद त्या कारणानं उडवले आहेत.

---

रानभूल | गुरुवार, सकाळी १०.४५

मी उलट बाजूनं बोलणार आहे. काही जागांबद्दल लिहूच नका.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची (कातळाच्या पठारांवरची) कातळशिल्पं बघा. जांभ्यात कोरलेली, हजारो वर्षं जुनी, युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आहेत. नकाशावर खूणगाठ पडली, पाच तारे पडले की गाडी थेट सड्यावर. चित्रावर बूट घालून उभं राहून सेल्फी. राखण करायला गावातला एखादा माणूस. तीच गत सह्याद्रीतल्या कुंडांची आणि धबधब्यांची. "हिडन जेम" लिहिणाऱ्यानं ती जागा हिडन राहू दिली नाही एवढं कळत नाही का?

आणि पावसाळी जागांचे तारे तर धोक्याचे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एक कुटुंब वाहून गेलं, पाच जण. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. असल्या ठिकाणांबद्दल लोक "व्ह्यू भन्नाट" लिहितात. पाणी किती वेळात चढतं, कठडे गंजलेत का, उतरायला दुसरी वाट आहे का, हे लिहीत नाहीत.

---

पायवाट | गुरुवार, दुपारी १.३०

@रानभूल, कातळशिल्पांबद्दल पटलं. राखण नसलेल्या जागेची खूणगाठ मीही टाकत नाही. पण धबधब्यांच्या बाबतीत तुमच्या दोन मुद्द्यांत मला मेळ दिसत नाही. लिहूच नका म्हटलं तर फक्त "व्ह्यू भन्नाट"वालेच लिहिणार. खूणगाठ पडलेलीच असेल तर तिथं "वर पाऊस नसतानाही पाणी अचानक वाढतं, मुलांना घेऊन ओढा ओलांडू नका" हे एका तरी माणसानं लिहिलेलं हवं. मी अशा ठिकाणी एक तारा देते, जागा वाईट म्हणून नाही, तर सर्वात कमी तारे असलेले रिव्ह्यू लोक आधी उघडतात म्हणून. अर्थात पूल गंजलाय हे नकाशावर लिहून थांबायचं नाही, ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना अर्ज द्यायचा. पोच घ्यायची.

@माडाखाली, तुमचा हिशोब वाचून मी एक करायचं ठरवलंय. दोन-तीन खोल्यांच्या घरगुती जागेत काही खटकलं तर आधी त्यांना तोंडावर सांगायचं. पुढच्या वेळी तेच दिसलं तर लिहायचं. मोठ्या हॉटेलला ही सवलत नाही, तिथं सांगायला माणूसच सापडत नाही.

---

वाटसरू | गुरुवार, दुपारी २.०५

तोंडावर सांगायचं हे पटलं नाही. आपल्याकडे तोंडावर सगळे "छान होतं हं" म्हणतात आणि मग गाडीत बसल्यावर वरणात मीठ नव्हतं म्हणतात. लहान म्हणून माफ करत गेलं तर पुढच्या गिऱ्हाइकाचं काय? त्याचेही पैसे कष्टाचेच असतात. गळकी खोली ती गळकी खोली, मालक गरीब असो की श्रीमंत.

---

माडाखाली | गुरुवार, दुपारी ४.२०

वाटसरूंचं बरोबर आहे, गळकी खोली लिहाच. पण "खोली गळते" असं लिहा, म्हणजे मी कौल बदलीन. नुसता एक तारा आणि खाली काहीच नाही, त्यावरून मी काय दुरुस्त करू?

उत्तर मी सगळ्यांना देतो. पूर्वी रागावून द्यायचो, लेकीनं बंद करायला लावलं. ती म्हणते, "बाबा, तुमचं उत्तर तो माणूस वाचणार नाही, पुढचा पाहुणा वाचणार आहे." आता "कासव दिसलं नाही"ला मी लिहितो: पिल्लं सकाळी-संध्याकाळी बाहेर येतात, नक्की नसतं, निघायच्या आधी फोन करा, घरट्यांची स्थिती सांगतो. गेल्या हंगामात फोन करून येणारे वाढले. ज्यांना सांगितलं "या आठवड्यात कठीण आहे", त्यातले काही तरीही आले, बाणकोटचा किल्ला बघून गेले, खूश.

---

नवी_गाडी | गुरुवार, रात्री ८.३५

ज्ञानात भर पडली, सगळ्यांचे आभार. थोडं अवांतर: वडिलांना (वय ७०, बायपास झालेली) रायगड दाखवायचाय. रोपवे आहे ठाऊक आहे. पण वर उतरल्यावर किती चालावं लागतं? रिव्ह्यूंमध्ये सगळीकडे "जय शिवराय" आणि सूर्यास्ताचे फोटो.

---

रानभूल | गुरुवार, रात्री ९.१०

पायथ्यापासून दीड हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या रोपवेनं वाचतात. पण वर उतरल्यावर मेणा दरवाज्याकडे थोड्या पायऱ्या चढाव्याच लागतात. राणीवसा, राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ हे एकापुढे एक आहे, बसत-थांबत जमेल. जगदीश्वर आणि महाराजांची समाधी तिथून बरीच पुढं, वाटेत उतार आणि येताना तोच चढ, सावली जवळजवळ नाही. डॉक्टरांना विचारून ठरवा. थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी पहिल्या फेऱ्यांत जा. शनिवार-रविवारी रोपवेची रांग फार लांबते.

---

तळटीप | गुरुवार, रात्री ९.२५

रोपवेचं बुकिंग ऑनलाइन होतं, करूनच निघा. जोराचा वारा सुटला तर पाळणे थांबवतात, त्यामुळे परतीची वेळ सैल ठेवा. टोपी, पाणी आणि वडिलांची औषधं गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा.

---

नवी_गाडी | गुरुवार, रात्री ९.४१

धन्यवाद! जगदीश्वरापर्यंत न्यायचं की नाही ते वर गेल्यावर बघतो. वाटेत बसायला कट्टे वगैरे आहेत का?